लॅपटॉप विकून एमपीसी घ्या म्हणणाऱ्यांना

चौथी_सीट:
काल एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. "पॅड बडवल्याशिवाय हिपहॉपचा बीट होत नाही. एफएलवाले म्हणजे माउस हलवणारे कारकून. पोरांनो, लॅपटॉप विका, एमपीसी घ्या." खाली पोरं विचारतायत, दादा कुठली घेऊ, हप्त्यावर मिळेल का. त्या पोरांसाठी लिहितोय. एमपीसी म्हणजे बोटांनी पॅड बडवून आवाजाचे तुकडे (सॅम्पल) वाजवायचं आणि बीट बांधायचं यंत्र. एफएल म्हणजे तेच काम संगणकावर करणारं सॉफ्टवेअर.

एसपी-१२०० या जुन्या सॅम्पलरचं उदाहरण घ्या. १९८७ चं यंत्र, बारा बिट, सगळी मिळून दहा सेकंदांची मेमरी, एका तुकड्याला जेमतेम अडीच सेकंद. म्हणून लोक ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून तुकडा घ्यायचे आणि मग मशीनमध्ये पिच (स्वर) उतरवून मूळ वेगावर आणायचे. हेतू एवढाच की जागा वाचावी. त्यातून जो खरबरीत आवाज आला, त्याची आज पूजा चालते. पीट रॉक, लार्ज प्रोफेसर या न्यूयॉर्कच्या बीटवाल्यांनी हातात आलेलं यंत्र पिळून काढलं. नालासोपाऱ्याचा पोरगा भावाच्या जुन्या लॅपटॉपवर तेच करतोय. २००३ मध्ये नाइन्थ वंडरने फ्रूटीलूप्सवर (एफएलचं जुनं नाव) केलेला बीट रॅपर जे-झीच्या 'ब्लॅक अल्बम'वर गेला. तो वाद तेव्हाच संपायला हवा होता.

तबकडी_घासतो:
'कारकून' हा शब्द मला आवडला नाही. बाकी ती एमपीसीवाली पोस्ट पटली. आणि तुम्ही इतिहास अर्धाच सांगताय. एसपी-१२०० काही गरिबाघरचं यंत्र नव्हतं. नवं अडीच हजार डॉलरच्या वर, एमपीसी-६० तर पाच हजारांच्या घरात, आणि तेही ऐंशीच्या दशकातले डॉलर. ज्यांना परवडत नव्हतं ते मित्राकडे जाऊन बसायचे, स्टुडिओत रात्रीची वेळ मागायचे. 'हातात आलेलं' वगैरे नाही, त्यांनी ते मिळवलं.

माझा मुद्दा पैशाचा नाहीच, हाताचा आहे. पडद्यावर किक (ड्रमचा जाड ठोका) रेषेवर बसलेली दिसते आणि आपण ऐकणं सोडून देतो. मी कित्येक वर्षं लॅपटॉपवर होतो. फोल्डर भरून आठ-आठ बारचे (आवर्तनांचे) लूप, एक गाणं पूर्ण नाही. स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) निवडण्यात संध्याकाळ जायची, कारण डिस्कवर स्नेअर हजारो. ओळखीच्या एकाकडून वापरलेली एसपी-४०४, म्हणजे छोटा पॅडवाला सॅम्पलर, घेतली तेव्हा कुठे माझ्या बीट्सची पहिली टेप पुरी झाली. अमेरिकन बीटवाला मॅडलिब, त्याने 'मॅडव्हिलनी' अल्बमचे कितीतरी बीट ब्राझीलच्या हॉटेलात एसपी-३०३ सॅम्पलर आणि छोट्या टर्नटेबलवर केले. काही अडलं का त्याचं?

बोरिवली_स्लो:
मॅडलिबचं नाव घेताय तर पूर्ण घ्या ना. त्याच माणसाने २०१९ च्या 'बँडाना' अल्बमचे बीट आयपॅडवर केले. स्वतः सांगितलंय. स्टीव्ह लेसीने रॅपर केंड्रिक लामारच्या 'प्राइड' गाण्याचा बीट फोनवर गॅरेजबँड ॲपमध्ये केला. हे तुमच्या यादीत कधीच येत नाही.

आणि मर्यादा पाहिजे ना? मी एफएलच्या ट्रायलवर शिकलो. त्यात फाइल सेव्ह होते, पण विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही. म्हणजे बसलं की एका बैठकीत बीट संपवून एमपी३ काढायचा, नाहीतर गेला. त्यात आमच्याकडे लाइट जायची. स्नेअर निवडायला संध्याकाळ कुणाकडे होती? तुमचे लूप अर्धे राहिले याचा दोष लॅपटॉपला देऊ नका.

तबकडी_घासतो:
आयपॅडचं मान्य करतो, कारण ते खरं आहे. पण त्या माणसाचे हात आणि कान यंत्रांवर घडले, मग तो काचेवर गेला. तुम्ही थेट काचेवरून सुरू करताय. बीटवाल्यांचा उस्ताद जे डिला, त्याची एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. कुणाचा लॅपटॉप ठेवलाय का तिथे? त्याने क्वांटाइझ (ठोके आपोआप मोजावर बसवणारी सोय) बंद करून बोटांनी वाजवलं. तो डुलणारा ठेका माउसने आणून दाखवा.

हलगी_पार्टी:
राव, डिला आला की क्वांटाइझ बंद, हे आता पाठांतर झालंय. एमपीसीत जो स्विंग (ठेक्याला झोका देणारी सोय) आहे, पन्नास टक्क्यांपासून पंच्याहत्तरपर्यंत, तो एमपीसी घडवणाऱ्या रॉजर लिनने बसवला. त्याआधी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्येही त्यानेच आणला होता. जोडीतला दुसरा सोळांश ठोका किती उशिरा वाजवायचा याचा तो हिशोब आहे. म्हणजे तुमच्या खोक्यातही प्रोग्रॅमच चालतोय, फक्त पडदा लहान आहे. डिलाला तो हिशोब कुठे वापरायचा आणि कुठे मोडायचा हे कळत होतं. किक वेगळी, हॅट (झांज) वेगळी, स्नेअर किंचित आधी. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड (पडद्यावरच्या मोजाच्या रेषा) बंद करून करता येतं.

आमच्या घरात हलगी आहे. चुलत्यांनी लग्नात, कुस्तीच्या मैदानात, ऊरुसात आयुष्यभर वाजवली. मी तीच हलगी लॅपटॉपमध्ये घेऊन कापतो. ग्रिडवर टाकली की मरते हे मला चुलत्यांनी शिकवलं, कुठल्या मशीनने नाही.

सुई_आणि_धूळ:
यंत्रावरून एवढं भांडताय, पण आवाज आणता कुठून ते कुणी बोलेना. मी चोरबाजारात रेकॉर्डी धुंडाळत मोठा झालो. ढिगात हात घालायचा, कव्हरावरून वादकांची नावं वाचायची, घरी आणून दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या. आता पोरं आवाजांचे तयार पॅक उतरवतात, नाहीतर यूट्यूबवरून गाणं ओढतात आणि स्वतःला सॅम्पलवाले म्हणवतात. मॅडलिबने आपल्या हिंदी सिनेमांच्या तबकड्यांवर 'बीट कंडक्टा' या अल्बम-मालिकेचे दोन भाग केले. आमची पोरं मात्र अमेरिकन सोल संगीताचा पॅक लावून त्याला 'गल्ली' रॅप म्हणतात. शाहीर साबळे यांच्या तबकड्या पडून आहेत. तमाशाच्या आहेत, भारुडाच्या आहेत. त्यांना कुणी हात लावतंय का?

चौथी_सीट:
हात लावायला परवानगी कोण देणार? २००२ मध्ये अमेरिकेच्या डीजे क्विकने 'थोडा रेशम लगता है' उचलून गायिका ट्रुथ हर्ट्सचं 'ॲडिक्टिव्ह' केलं. मूळ संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि नाव छापल्याशिवाय विक्री नाही असा आदेश २००३ मध्ये निघाला. मोठी कंपनी होती म्हणून निभावलं. आपल्या पोराला एक नोटीस आली तर चॅनेल बंद.

सुई_आणि_धूळ:
आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्या त्यातून सुटल्या आहेत. वाचत जा जरा.

हलगी_पार्टी:
तुम्हीच वाचा नीट. मुद्रणाचा हक्क सुटला, पण गीताचा आणि चालीचा नाही. तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आणि कायद्याचं सोडा. ज्या ढोलकीवाल्याचा दोन बारचा तुकडा तुम्ही उचलणार, त्याला तेव्हा दिवसाची बिदागी मिळाली आणि कव्हरावर नावसुद्धा नाही. 'वादकांची नावं वाचायची' म्हणता, कुठल्या मराठी तबकडीवर वाचलीत? माझ्या चुलत्यांनी एका स्टुडिओत वाजवलेला तुकडा आज पॅकमध्ये विकला जातोय, 'इंडियन फोक पर्कशन' नावाने. आम्हाला एक रुपया नाही. तुमच्या धुंडाळण्याचं मला कौतुक नाही. विचारून घ्या, पैसे द्या, नाव लिहा. मग पॅड वापरा नाहीतर माउस.

सुई_आणि_धूळ:
मी कुणाचं चोरलेलं नाही. पाच-पाचशे रुपये मोजून रेकॉर्ड घेतो.

हलगी_पार्टी:
ते दुकानदाराला दिलेत. वाजवणाऱ्याला काय?

तबकडी_घासतो:
इथे मी हलगीवाल्यांच्या बाजूने आहे, हे लिहायला जड जातंय. न्यूयॉर्कचं सगळं सुवर्णयुग अशाच फुकट घेतलेल्या ड्रमवर उभं आहे. १९९१ मध्ये विनापरवाना सॅम्पलवरून रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि मगच सगळ्यांना परवानगी आठवली. ज्यांनी ते ब्रेक (गाण्यातले नुसत्या ड्रमचे तुकडे) वाजवले त्यांतले बरेच तोवर म्हातारे झाले होते.

पण मूळ विषयावर मी हललेलो नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिले काही महिने पडद्यासमोर बसू देत नाही. सोळा पॅड, एक रेकॉर्ड, बस्स.

बोरिवली_स्लो:
तुमच्याकडे येणाऱ्याला पॅड तुम्ही देता म्हणून ते जमतं. एसपी-१२०० ची नवी आवृत्ती २०२१ मध्ये चार हजार डॉलरला एक कमी अशा किमतीत आली. वर कस्टम्स. माझ्या बाबांचा वर्षाचा पगार जोडायला बसलो तर त्यात घर चालवणं राहून जातं. ज्या पोराने हप्त्याचं विचारलं होतं त्याला मी निरोप टाकलाय की घेऊ नकोस. हेडफोन बरे घे, आहे त्या लॅपटॉपवर बस.

तबकडी_घासतो:
हप्त्यावर घेऊ नकोस हे मीही त्याला सांगेन. लॅपटॉप विकू नकोस हेही सांगेन, झालं? पण शनिवारी माझ्याकडे पाठव. ठाण्याला राहतो. एसपी वापरायला देतो, पैसे नकोत. नंतर त्यालाच विचारा.

चौथी_सीट:
हे तुम्ही त्या पोस्टखाली जाऊन लिहा. तिथे पोरं अजून लॅपटॉप कितीला विकला जाईल ते विचारतायत.

सुई_आणि_धूळ:
हलगीवाले, त्या पॅकचं नाव मला खाजगीत पाठवा. चुलत्यांनी काही कागदावर सही केली होती का?

हलगी_पार्टी:
कसला कागद? वाजवलं, जेवले, एसटीने परत आले.