हायड्रिलात लाल दिसत नाही, डॅपीत सगळंच निळं

पेशी_पुणे:
एस.वाय. बीएस्सी बॉटनीच्या प्रॅक्टिकलला फ्लुओरेसन्स (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकणं) दाखवायचंय. निळ्या एक्सायटेशनला (म्हणजे निळा प्रकाश टाकला की) हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान फिकट हिरवं दिसतं, क्लोरोप्लास्ट लाल दिसतच नाहीत. कांद्याच्या ताज्या पापुद्र्याला डॅपी (न्यूक्लियस निळे दाखवणारा रंग; १० मायक्रोग्रॅम/मिली, न धुता) लावलं की नुसतं निळं धुकं. कुठे चुकतंय?

पर्णरंध्र:
हायड्रिलाला स्टेन लागतच नाही, क्लोरोफिल स्वतःच ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं. पान दोनच थरांचं, त्यामुळे सेक्शनही नको. ताजं पान पाण्यात माउंट करा. अल्कोहोलमधल्या पानातलं क्लोरोफिल उतरून गेलेलं असतं. मला शंका फिल्टरची आहे. फिल्टर क्यूबवर एमिशनचे (डोळ्याकडे सोडल्या जाणाऱ्या प्रकाशाचे) आकडे काय आहेत?

पेशी_पुणे:
५२५/५०.

पर्णरंध्र:
म्हणजे फक्त ५०० ते ५५० नॅनोमीटर. लाल प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. ५१५ लाँगपास (५१५ च्या वरचं सगळं सोडणारा फिल्टर) लावा. तो नसेल तर हिरव्या एक्सायटेशनचा, ५९० लाँगपासवाला क्यूब असेल तर तोही चालेल.

सेक्शन_कटर:
डॅपी दहापट जास्त झालंय आणि जिवंत पेशीत ते नीट शिरतही नाही. कांद्याच्या आतल्या बाजूचा ५ मिमी पापुद्रा इथेनॉल–ॲसेटिक ॲसिडमध्ये (३:१) १५ मिनिटं फिक्स करा (पेशी मरतात, पण रचना तशीच टिकते), पाण्यात दोनदा धुवा. मग डॅपी १ मायक्रोग्रॅम/मिली, अंधारात १० मिनिटं, पुन्हा दोनदा धुणं, ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये माउंट. ग्लोव्हज हवेतच, डॅपी डीएनएला चिकटतं. जादा पाणी टिश्यू पेपरने टिपत असाल तर सांभाळून: कागदातल्या ऑप्टिकल ब्राइटनरमुळे त्याचे तंतू झगझगीत निळे दिसतात आणि मुलं तेच पेशीभित्तिका म्हणून काढतात.

मूलाग्र:
वेळ उरला तर प्रोपिडियम आयोडाइड (जिवंत पेशीच्या आत न शिरणारा लाल रंग) नक्की दाखवा. १० मायक्रोग्रॅम/मिली, ५ मिनिटं, हिरवं एक्सायटेशन, पण पापुद्रा फिक्स न केलेला. जिवंत पेशींच्या फक्त भित्तिका लाल होतात. ब्लेडने कापलेल्या कडेच्या मेलेल्या पेशींत न्यूक्लियसही लाल होतो. जिवंत-मेलेला फरक एकाच फील्डमध्ये! फिक्स केलात तर सगळेच न्यूक्लियस रंगतील आणि यातली गंमत जाईल.

आणि मर्क्युरी लॅम्प असेल तर प्रत्येक बॅचनंतर बंद करू नका. बंद केलाच तर परत लावण्याआधी अर्धा तास गार होऊ द्या. दोन बॅचच्या मधल्या वेळात शटर लावून ठेवा, नाहीतर स्लाइड ब्लीच होते (चमक विझते).