सी ड्राइव्ह काठोकाठ भरलाय, प्लगइन न बिघडवता जागा कशी करू?

एकांकिकावाला, कर्वेनगर:
मंडळी, लॅपटॉपला ५१२ जीबीचा एकच एसएसडी, विंडोज ११, रॅम ३२ जीबी. सगळं सीवरच कोंबलंय आणि आता ७ जीबी उरलेत. काल रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) पेटीचा टेक चालू असताना रेकॉर्डिंग मध्येच थांबलं.

विझट्री लावून पाहिलं. ओम्निस्फिअर या सिंथ प्लगइनचा स्टीम फोल्डर साठ जीबीच्या वर, कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनच्या लायब्ऱ्या दीडशेच्या आसपास, विंडोजच्या आत इन्स्टॉलर नावाचा फोल्डर २० जीबी आणि हायबरफिल नावाची एक फाइल १२ जीबीच्या पुढे. बाकी माझे प्रोजेक्ट.

तपकीर गल्लीतून १ टीबीचा एक्स्टर्नल एसएसडी आणलाय. मित्र म्हणतो, प्रोग्रॅम फाइल्स आणि प्रोग्रॅम डेटा उचलून त्यावर टाक, इन्स्टॉलर फोल्डर उडव, मोकळा हो. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी चालू आहेत, आत्ता सगळं पुन्हा इन्स्टॉल करणं जमणारच नाही. काय हलवू, काय उडवू?

बेसगिटार_वारजे:
एखादा क्लीनर टाका, रजिस्ट्रीसकट (विंडोजची सेटिंगची नोंदवही) साफ करतो. दहा मिनिटांचं काम.

नारायणपेठी_फेडर:
क्लीनर अजिबात नको. रजिस्ट्री साफ करून जागा मिळते काही केबी, आणि त्यात एखाद्या लायब्ररीचा पत्ता पुसला गेला की रात्र गेली. मित्राचा सल्लाही आधी मित्राच्याच मशीनवर करून बघा.

मूळ मुद्दा एवढाच: प्लगइन स्वतः लहान असतो, जागा खातो त्याचा माल, म्हणजे सॅम्पल (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या फाइली). दुकान लक्ष्मी रोडवर आणि गोडाऊन धायरीला, तसं करायचं. दुकान हलवायचं नाही. म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सखालचा व्हीएसटी३ फोल्डर आहे तिथेच राहू द्या. सगळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर प्लगइन तिथेच शोधतात, आणि तो उचलून मिळणारी जागा तुमच्या दीडशे जीबीपुढे किरकोळ आहे.

सुरुवात ओम्निस्फिअरपासून करा, कारण ते सोपं आहे. प्रोग्रॅम डेटा हा लपवलेला फोल्डर असतो, त्यात स्पेक्ट्रासॉनिक्स, त्यात स्टीम. हा स्टीम एक्स्टर्नलवर कॉपी करा. मूळ फोल्डरचं नाव बदलून ‘स्टीम जुना’ करा, लगेच डिलीट करू नका. मग एक्स्टर्नलवरच्या स्टीमचा शॉर्टकट करून तो स्पेक्ट्रासॉनिक्स फोल्डरमध्ये ठेवा. इथे एक गोम आहे. विंडोज शॉर्टकटच्या नावाला मागे ‘शॉर्टकट’ असं शेपूट लावतं, ते काढा. नाव मूळ फोल्डरसारखंच, सगळी अक्षरं कॅपिटल, नाहीतर ओम्निस्फिअरला तो सापडायचा नाही. दोन-चार पॅच (तयार आवाज) वाजवून बघा आणि मगच जुना उडवा.

कॉन्टॅक्टला शॉर्टकटची भानगड नाही. प्रत्येक लायब्ररीचा फोल्डर अख्खा हलवा, आतलं विस्कटू नका. मग नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये (कॉन्टॅक्टवाल्यांचं अ‍ॅप) जाऊन त्या लायब्ररीला नवी जागा दाखवा. ज्या लायब्ऱ्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी जुना प्रोजेक्ट उघडल्यावर कॉन्टॅक्ट विचारेल ‘सॅम्पल कुठे गेले?’ तेव्हा फोल्डर दाखवायचा आणि प्रोजेक्ट सेव्ह करायचा. त्याच वेळी नेटिव्ह अ‍ॅक्सेसच्या सेटिंगमध्ये डाउनलोड आणि कंटेंट दोन्हींचे पत्ते बदलून टाका, नाहीतर पुढची लायब्ररी पुन्हा सीवरच येऊन बसेल.

हे सगळं करण्याच्या आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टर्नलला एक पक्कं अक्षर द्या, एस म्हणा. नाहीतर कुणाचा तरी पेनड्राइव्ह आधी लागलेला असतो, एक्स्टर्नलला दुसरंच अक्षर मिळतं आणि सगळ्या लायब्ऱ्या हरवल्या म्हणून तुम्ही इथे नवा धागा काढता. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको. कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो, उरलेलं वाजता वाजता डिस्कवरून ओढतो. वायर सैल असेल तर तिथेच कटकट ऐकू येते.

आता उडवायचं काय? हायबरफिल. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या कमांडने हायबरनेट बंद करा, ती १२ जीबी एका ओळीत परत मिळते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होईल, त्याचं दुःख करू नका. इन्स्टॉलर फोल्डरला मात्र हात लावायचा नाही. कचऱ्यासारखा दिसतो, पण प्रोग्रॅम अपडेट, रिपेअर किंवा अनइन्स्टॉल करताना विंडोज त्यातल्याच फाइली मागतं. आत्ता सगळं ठीक चालेल आणि पुढे एखादा प्लगइन धड अपडेटही होणार नाही आणि निघणारही नाही.

रेकॉर्डिस्ट_कोथरूड:
फेडरकाकांशी शंभर टक्के सहमत. फक्त प्रोजेक्टकडे दुर्लक्ष करू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. मी नदीपात्रात ढोलपथकाचा सराव आठ माइकवर घेते, तासाचे ४ जीबीच्या वर होतात, आणि त्यातलं कामाचं असतं दोन आवर्तनं. रीपरमध्ये प्रोजेक्ट डिरेक्टरी साफ करायची सोय आहे. पण एकाच फोल्डरमध्ये दोन-तीन प्रोजेक्ट ठेवले असतील तर ती वापरू नका. रीपर फक्त उघडलेला प्रोजेक्ट बघतो, दुसऱ्याचे टेक त्याला फालतूच वाटतात. एकांकिकावाले लोक हमखास सगळ्या एन्ट्र्या एकाच फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणून सांगितलं.

एकांकिकावाला, कर्वेनगर:
काका, ताई, खूप आभार. (हो, एकाच फोल्डरमध्ये आहेत!) दोन शंका. काही प्लगइनची लायसन्स आयलॉकमधून (लायसन्स सांभाळणारी सोय) याच मशीनवर आहेत, ती जातील का? आणि ज्या प्लगइनमध्ये जागा बदलायची सोयच नाही, त्याचं काय?

नारायणपेठी_फेडर:
सॅम्पल हलवल्याने लायसन्सला काही होत नाही. फक्त प्रोग्रॅम डेटामधला पेस नावाचा फोल्डर दिसला तर तो तसाच राहू द्या, आयलॉकचा कारभार तिथे चालतो. पुढे कधी मुख्य डिस्क बदललीत किंवा विंडोज नव्याने टाकलंत, तर आधी आयलॉक लायसन्स मॅनेजरमधून या मशीनवरचं लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं.

सोय नसेल तिथे एमकेलिंक या कमांडने जंक्शन करा, साधा शॉर्टकट नाही. फोल्डर हलवायचा आणि जुन्या जागी जंक्शन ठेवायचं, प्लगइनला वाटतं माल तिथेच आहे. पण आधी निर्मात्याचं स्वतःचं अ‍ॅप तपासा, स्पिटफायर आणि ईस्टवेस्ट या दोन्ही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये लायब्ररीची नवी जागा दाखवता येते. जंक्शन हा शेवटचा उपाय.

एकांकिकावाला, कर्वेनगर:
ओम्निस्फिअर हलवलं, वाजतंय. कॉन्टॅक्टची कॉपी चालू आहे. प्रयोगाच्या दिवशी हा एक्स्टर्नलपण भरत नाट्य मंदिरला न्यावा लागणार ना?

रेकॉर्डिस्ट_कोथरूड:
प्रयोगाला कॉन्टॅक्ट उघडायचाच कशाला? सगळे क्यू (प्रयोगात वाजवायचे तुकडे) वेव्ह फाइली करून लॅपटॉपवर ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर. एक्स्टर्नल घरीच राहू दे, विंगेत कुणाचा तरी पाय वायरीत अडकतोच.