लेसर सँड प्लोव्हरच्या जुन्या नोंदी आता कोणत्या प्रजातीत धराव्यात?

नमस्कार. बरीच वर्षे मी चिखलाणीवर येणाऱ्या स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या नोंदी वहीत ठेवत आलो आहे आणि त्यांत 'लेसर सँड प्लोव्हर' हे नाव जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात आहे. या छोट्या चिखल्याची आता सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन स्वतंत्र प्रजातींत विभागणी झालेली असल्यामुळे वही नव्या यादीशी जुळवायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. माझी समजूत कुठे चुकते आहे ते दाखवता यावे, म्हणून आधी ती मांडतो.

या पक्ष्याच्या पाच उपप्रजाती मानल्या जात. मंगोलस आणि स्टेगमानी या दोन पूर्व सैबेरिया, कामचात्का आणि चुकोत्का या भागांत वीण करतात, तर पामिरेन्सिस, ॲट्रिफ्रॉन्स आणि शेफरी या तिन्ही पामीर, हिमालय आणि तिबेटच्या उंच पठारी प्रदेशांत. हे दोन गट वेगळे दिसतात हे पक्षीनिरीक्षकांना जुनेच ठाऊक होते. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की तिबेटी गटाचे जवळचे नाते सैबेरियन गटाशी नसून ग्रेटर सँड प्लोव्हर या दिसायला सारख्या, पण थोड्या मोठ्या चिखल्याशी आहे. म्हणजे ज्या दोघांना आपण एकाच नावाखाली लिहीत होतो ते सख्खे नव्हतेच, आणि ज्याला वेगळा म्हणून बाजूला काढण्यासाठी दुर्बिणीतून डोळे ताणत होतो तोच जवळचा निघाला. निसर्गवैज्ञानिक पलासने १७७६ साली दिलेले मंगोलस हे नाव अग्रक्रमाच्या नियमाने, म्हणजे आधी दिलेले नाव टिकते या नियमाने, सैबेरियन प्रजातीकडे राहिले आणि तिबेटी प्रजातीला वाग्लरचे १८२९ सालचे ॲट्रिफ्रॉन्स हे नाव मिळाले. दोन्ही प्रजाती कॅरॅड्रियसमधून ॲनारिंकस या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, नेल्या गेल्या आहेत; 'प्रजाती' हा शब्द काही मराठी पुस्तकांत जीनससाठीच वापरलेला आढळतो. इथे मात्र मी तो स्पीशीज याच अर्थाने वापरत आहे. उजवीकडे वळलेल्या चोचीच्या न्यूझीलंडमधील रायबिलसाठी केलेल्या ॲनारिंकस या जीनसमध्ये आता हे साध्या सरळ चोचीचे चिखले जाऊन बसले आहेत, याची गंमत वाटते, पण माझा प्रश्न त्याबद्दल नाही.

प्रश्न हिवाळी वावराचा आहे. तिबेटी प्रजाती पूर्व आफ्रिकेपासून अरबी द्वीपकल्प आणि भारताच्या किनाऱ्यांवरून आग्नेय आशियापर्यंत हिवाळा काढते, तर सैबेरियन प्रजाती मुख्यतः तैवानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. या हिशेबाने माझ्या सगळ्या नोंदी, त्या भारताच्या किनाऱ्यावरच्या असल्यामुळे, तिबेटी ठरायला हव्यात. परंतु केवळ ठिकाण पाहून नाव बदलणे म्हणजे पक्षी न पाहता त्याची ओळख पटवणे झाले, आणि वाट चुकलेला एखादा सैबेरियन पक्षी आला असेल तर तो अशाने कायमचा दडपला जाईल.

शंका येण्याचे कारण एक छायाचित्र आहे. एप्रिलमधल्या एका थव्यातील बहुतेक पक्षी विणीच्या पिसाऱ्यात आले होते. त्यांची कपाळे सबंध काळी होती, आणि ॲट्रिफ्रॉन्स या लॅटिन नावाचा अर्थही तोच. एकाच्या कपाळावर मात्र दोन पांढरे ठिपके होते आणि त्यांच्या मधून काळी रेघ गेली होती. ते पाहून मी वहीच्या समासात 'सैबेरियन?' असे लिहिले. नंतर छायाचित्र मोठे करून पाहिले, तर पांढरा गळा आणि छातीचा तांबूस पट्टा यांच्या मधली बारीक काळी किनार, जी सैबेरियन नरात दिसायला हवी, ती नाही, आणि कुशीही स्वच्छ पांढऱ्या आहेत. पामिरेन्सिसच्या कपाळावरही असे पांढरे ठिपके असतात असे वाचले आहे. तेव्हा कपाळापेक्षा गळ्याखालच्या किनारीला अधिक वजन द्यावे, हा माझा निष्कर्ष बरोबर आहे का? पिसारा अर्धवट बदललेला असताना ती किनार उशिरा उमटते, असा कोणाचा अनुभव आहे का?

दुसरी अडचण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या नोंदींची आहे. त्या काळात पक्षी वरून राखट तपकिरी, खालून पांढरे असतात आणि कपाळ काही सांगत नाही. तिबेटी पक्ष्याची चोच तुलनेने थोडी लांब असते हे खरे, पण दूरवरून, शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसताना, त्यावर विसंबण्याचे मला धाडस होत नाही. या नोंदी 'सैबेरियन किंवा तिबेटी' अशा जोडनावाने ठेवाव्यात, की हिवाळी वावराच्या आधारे तिबेटी म्हणून धरून शेजारी तसा शेरा लिहावा? ज्यांनी आपल्या जुन्या वह्या अशा रीतीने दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी कोणता मार्ग घेतला आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.