मदत हवी आहे: 'एंडगेम'नंतरच्या मार्व्हल मालिकांपैकी नेमक्या कोणत्या बघाव्यात?

कोरी_पाटी:
'एंडगेम'पर्यंतचे सगळे मार्व्हलपट बघून झालेत. त्यापुढचा कुठलाही लावला की अनोळखी माणूस येतो आणि पडद्यावरचे सगळे त्याला आधीपासून ओळखत असतात. 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस'मध्ये वांडाला मुलं कुठून आली? 'थंडरबोल्ट्स'मधला जॉन वॉकर कोण? डिस्ने प्लसवर मालिकांचा ढीग आहे आणि रोज फार तर एक भाग जमेल.

१) चित्रपट कळण्यापुरत्या कमीत कमी किती मालिका?
२) प्रदर्शनाचा क्रम धरायचा की कथेतल्या काळाचा?
३) नेटफ्लिक्ससाठी बनलेली जुनी 'डेअरडेव्हिल' मोजायची का?

स्पॉयलर चालतील.

पडद्यामागे:
आधी दुसरा प्रश्न, कारण घोळ तिथेच होतो. प्रदर्शनाचाच क्रम धरा. काळानुसार लावलेली यादी अ‍ॅपमध्ये आहे, पण ती सगळं एकदा बघून झालेल्यांसाठी. उदाहरण बघा: 'क्वांटमेनिया'च्या (फेब्रुवारी २०२३) अगदी शेवटी जे दृश्य आहे, ते 'लोकी'च्या दुसऱ्या सीझनमधलं (ऑक्टोबर २०२३). त्यामुळे पहिला सीझन, मग तो चित्रपट, मग दुसरा सीझन असंच जायला हवं. 'ब्लॅक विडो'ची कथा 'सिव्हिल वॉर'नंतर लगेच घडते, तरी तो 'हॉकआय'च्या आधीच, त्याच्या जागेवर बघा. ब्लॅक विडोची बहीण येलेना क्लिंटच्या (म्हणजे हॉकआयच्या) मागावर का आहे, हे त्याच्या शेवटच्या दृश्यात कळतं.

आता किमान यादी. 'वांडाव्हिजन' (२०२१, ९ भाग) सोडून चालणारच नाही. मुलांचा उलगडा तिथे आहे, डार्कहोल्ड हा काळ्या जादूचा ग्रंथ तिथे आहे, 'द मार्व्हल्स'मधल्या मोनिकाला शक्ती तिथेच मिळतात आणि पुढची 'अगाथा ऑल अलाँग'ही त्यातूनच निघते. 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' (२०२१, ६ भाग) म्हणजे वॉकरचं उत्तर. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधले आयझाया ब्रॅडली आणि होआकिन टॉरेसही इथूनच येतात. 'लोकी'चे दोन्ही सीझन (६ + ६) बघितले की 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मधलं टीव्हीए हे काळावर नजर ठेवणारं खातं काय भानगड आहे ते कळतं. 'मिस मार्व्हल' (२०२२, ६ भाग) फक्त 'द मार्व्हल्स' बघणार असाल तर. एकूण ३३ भाग.

दोन ठिकाणी लोक अडकतात. 'वांडाव्हिजन'चे पहिले तीन भाग जुन्या अमेरिकी घरगुती विनोदी मालिकांच्या धाटणीचे आहेत, त्यामुळे बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात. चौथ्या भागात तीच घटना बाहेरून दिसते आणि सगळं जुळतं, तोवर धीर धरा. सुरुवातीला चित्र कृष्णधवल आणि चौकोनी दिसतं ते मुद्दाम तसं ठेवलंय, टीव्हीची सेटिंग बदलू नका. दुसरं म्हणजे ऑटोप्ले. श्रेयनामावली सुरू होताच अ‍ॅप पुढच्या भागावर उडी मारतं आणि मधलं दृश्य हुकतं. 'वांडाव्हिजन'च्या सातव्या भागापासून अशी दृश्यं आहेत, शेवटच्या भागात तर दोन. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करून टाका.

गल्लीचा_राखणदार:
वरच्या यादीशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

हो, मोजायची. आधी मालिका मार्व्हल टेलिव्हिजन बनवायचं आणि चित्रपट मार्व्हल स्टुडिओज. मालिकांमध्ये चित्रपटांचे उल्लेख यायचे, चित्रपट मात्र मालिकांची फारशी दखल घेत नसत. २०१९ च्या अखेरीस टेलिव्हिजन विभाग केविन फायगींच्या मार्व्हल स्टुडिओजमध्ये विलीन झाला. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सचे करार संपून त्या मालिका डिस्ने प्लसवर आल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला काळानुसारच्या यादीतही बसल्या.

'डेअरडेव्हिल'चे ३ सीझन, प्रत्येकी १३ भाग. वेळ नसेल तर पहिला आणि तिसरा घ्या. दुसरा गाळलात तर पनिशर अनोळखी राहील. तिसऱ्याच्या सुरुवातीला मॅट (म्हणजे स्वतः डेअरडेव्हिल) इतका जखमी का, याचं उत्तर 'द डिफेंडर्स'मध्ये आहे. त्याच्यावर इमारत कोसळली एवढं माहीत असलं तरी पुरे. मग 'हॉकआय' (६ भाग), 'एको' (२०२४, ५ भाग) आणि नंतर 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' (२०२५, पहिला सीझन ९ भाग). 'एको'च्या शेवटच्या भागात नावांच्या मध्ये येणारं दृश्य चुकवू नका, 'डेअरडेव्हिल'मधला खलनायक फिस्क याला महापौरपदाची कल्पना तिथे सुचते. तेवढं हुकलं तर 'बॉर्न अगेन'मधली निवडणूक एकदम आभाळातून पडल्यासारखी वाटते.

'बॉर्न अगेन'चा मधला भाग थोडा वेगळ्या चालीचा वाटेल. चित्रीकरण अर्धवट असताना २०२३ मध्ये लेखक-दिग्दर्शक बदलले. नव्या मंडळींनी आधीचं बरंचसं ठेवलं, पण पहिला आणि शेवटचे दोन भाग नव्याने केले. बँकेतल्या दरोड्याचा पाचवा भाग तर जवळपास सुटाच आहे.

निमूट_प्रेक्षक:
काय गाळायचं तेही सांगायला हवं. 'सीक्रेट इन्व्हेजन' (२०२३) खुशाल गाळा. फ्युरीवरच्या ६ भागांत मोठमोठ्या गोष्टी घडतात आणि काही महिन्यांनी आलेल्या 'द मार्व्हल्स'मध्ये त्याचा मागमूसही नाही. 'मून नाइट' स्वतंत्र आहे, आवडली तर बघा. 'व्हॉट इफ'चा फक्त पहिला भाग पुरे, कारण 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस'मध्ये कॅप्टन कार्टर दिसते. 'एक्स-मेन ९७' उत्तम आहे, पण ते विश्वच वेगळं.

अवांतर: ही धावाधाव पुढे कमी होईल. वर्षाला चारच्या आसपास गेलेल्या मालिका दोनवर आणणार, असं डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मे २०२४ मध्ये सांगितलं होतं.

कोरी_पाटी:
सर्वांचे आभार. आधी 'थंडरबोल्ट्स' नीट कळायला हवा आहे. त्यासाठी सगळ्यात जवळची वाट कोणती?

पडद्यामागे:
'फाल्कन अँड विंटर सोल्जर' पूर्ण. वॉकर पहिल्या भागाच्या शेवटी दिसतो, 'थंडरबोल्ट्स'मधलीच व्हॅल पाचव्यात येते, त्यामुळे तुकडे पाडू नका. मग 'ब्लॅक विडो': येलेना, अलेक्सी आणि टास्कमास्टर तिथले. घोस्ट 'अँट-मॅन अँड द वास्प'मधली, ती तुम्ही बघितलेली आहे. वेळ उरला तर 'हॉकआय'चे ४ ते ६ भाग, येलेनासाठी.