शब्दचर्चा : 'टेन्युअर', 'रेस्टिट्यूशन' आणि घर-जमिनीच्या हक्कांची मराठी

मखमलाबादकर :
नमस्कार मंडळी. विस्थापितांच्या घर, जमीन आणि मालमत्तेच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची ओळख करून देणारी एक पुस्तिका मराठीत करते आहे. वाचणार आहेत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या कार्यकर्त्या आणि नाशिक शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या बाया. त्यामुळे शब्दकोशात सापडला तो शब्द उचलून भागणार नाही.

नैरोबीची यूएन-हॅबिटॅट, रोमची अन्न व कृषी संघटना, निर्वासितांना कायद्याची मदत देणारी नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल, कोणाचाही कागद उघडा, 'टेन्युअर', म्हणजे घर किंवा जमीन कुठल्या हक्कानं धरली आहे ते, हा शब्द पानोपानी येतो. 'सिक्युरिटी ऑफ टेन्युअर' तर पायाच आहे सगळ्याचा. 'मालकीची शाश्वती' लिहायला मन तयार होत नाही. दुसरा अडलेला शब्द 'रेस्टिट्यूशन', म्हणजे हिरावलेलं परत मिळणं. काय सुचवाल?

निफाडकर :
ताई, सगळी नोकरी महसूल खात्यात झाली म्हणून बोलतो. 'मालकी' अजिबात नको. सातबाऱ्यावर तरी 'मालक' कुठे आहे? वर 'भूधारणा पद्धती', तिच्यासमोर भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २, आणि खाली 'भोगवटादाराचे नाव'. वर्ग २ ची जमीन विकायची तर आधी सरकारी परवानगी लागते, म्हणजे तिथेही हक्क आहे पण हात बांधलेले आहेत. मालकी एक आणि बाकी सगळे उपरे, असं आपल्या दप्तरानं कधीच मानलं नाही. म्हणून मी 'भोगवटा' सुचवतो. 'भोगवट्याची शाश्वती'.

सिन्नरकर :
काका, दप्तराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण 'भोगवटा' नेमका इथेच अडतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत भोगवटादाराची व्याख्या आहे. प्रत्यक्ष ताबा असलेला धारक, पण कूळ किंवा सरकारी पट्टेदार नव्हे. कूळ आणि पट्टेदार व्याख्येतूनच बाहेर.

आता उलट बाजू बघा. संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार १९६६ चा, भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं १९९१ मध्ये पुरेशा निवाऱ्यावर टिपण्णी क्रमांक ४ काढली. घर 'पुरेसं' कधी म्हणायचं याच्या सात कसोट्या तिच्यात आहेत आणि पहिलीच कसोटी टेन्युअरच्या कायदेशीर सुरक्षिततेची. टेन्युअरचे प्रकारही समितीनं स्वतःच सांगितलेत. सरकारी व खासगी भाड्याचं घर, सहकारी गृहसंस्था, भाडेपट्टा, स्वतःच्या मालकीचं घर, आणीबाणीतला तात्पुरता निवारा आणि अनौपचारिक वस्त्या, ज्यांत नुसता ताबा असतो त्याही. प्रकार कुठलाही असो, सक्तीनं हुसकावलं जाणं, छळ आणि धमक्या यांपासून प्रत्येकाला संरक्षण हवं, असं समिती म्हणते. 'भोगवटा' म्हटलं की या यादीतली निम्मी माणसं गळतात.

शिवाय शहरात 'भोगवटा' म्हटलं की लोकांना बिल्डरकडून मिळायचा भोगवट्याचा दाखला आठवतो, तो घोळ वेगळाच.

माझी सूचना 'धारणाधिकार'. हा बनवलेला शब्द नाही. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, क्षेत्राच्या शेजारच्या रकान्याचं नावच ते आहे. सिडकोत भाडेपट्ट्यावर घर घेतलेल्या कुटुंबाला मालकी नसेल, धारणाधिकार आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूलाही आहे.

सुरगाणेकर :
सर, शब्द नेमका आहे, मान्य. पण आमच्या पाड्यावर तो कोणाच्या तोंडी बसायचा नाही. लोक म्हणतात 'आम्ही कसतो', 'आमचा ताबा आहे', 'आमची वहिवाट आहे', आणि जंगलातल्या जमिनीला नुसतं 'प्लॉट'. वनखात्याच्या कागदात मात्र त्याच जमिनीला वर्षानुवर्षं 'अतिक्रमण' म्हटलं गेलं. आजा कसत होता, बाप कसत होता, तरी कागदावर अतिक्रमणदार. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ऐतिहासिक अन्याय झाला हे कबूल केलं आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीला कसेल तेवढ्या जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क दिला. हा हक्क वारसाला जातो, विकता येत नाही. ही मालकी नाही आणि उपकारही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये हजारो माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, त्यांच्या मागण्यांत हीच वनजमीन होती. पायांची सालटी निघालेल्या त्या बायांना आपण पुस्तिकेत कुठल्या शब्दानं हाक मारतो, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

म्हणून ताई, पहिल्यांदा शब्द येईल तिथे उलगडून लिहा. 'घर किंवा जमीन धरून राहण्याचा हक्क, म्हणजे धारणाधिकार.' पुढे मग नुसतं 'धारणाधिकार' चालेल. 'अतिक्रमणदार' मात्र कुठेही येऊ देऊ नका. 'कसणारा', 'राहणारा' म्हणा.

मखमलाबादकर :
हे पटलं. 'धरून राहणे' छान आहे, त्यात चिकाटीही आली.

याच्याच जोडीला यूएन-हॅबिटॅट आणि २००६ मध्ये सुरू झालेलं ग्लोबल लँड टूल नेटवर्क (जमिनीच्या हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांचं जाळं) एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. एका टोकाला नोंदणीकृत मालकी, दुसऱ्या टोकाला नुसती राहण्याची मुभा, आणि मधे कितीतरी हक्क. त्या सगळ्यांची नोंद व्हावी, पक्क्या मालकीची वाट बघत बसू नये. याला 'हक्कांचा पट्टा' म्हणू का?

निफाडकर :
पट्टा म्हटलं की लोक भाडेपट्टा समजतील. 'उतरंड'ही नको, त्यात एक वर, दुसरा खाली असं होतं. सरळ 'हक्कांचे नाना प्रकार' लिहा.

रेस्टिट्यूशनबद्दल सांगतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्यासाठी राज्यानं १९७४ मध्ये कायदा केला. फायलींमध्ये त्याला 'प्रत्यार्पण' म्हणत. पण आज वर्तमानपत्रात प्रत्यार्पण म्हणजे परदेशात पळालेला आरोपी परत आणणं. कायद्याच्या पुस्तकातलं 'प्रत्यास्थापन' वाचताना वकिलाचीच जीभ अडखळते. पक्षकार काय म्हणायचा? 'साहेब, जमीन परत नावावर चढली.'

सिन्नरकर :
काका, मग तिथूनच घ्यावं. 'परत मिळणे' यात जे आहे ते 'पुनर्वसन'मध्ये नाही, आणि पुस्तिकेत या दोघांची गल्लत झाली तर सगळाच अर्थ फिरेल. मराठीत पुनर्वसन म्हणजे तुमचं गाव गेलं, आता दुसरीकडे प्लॉट घ्या. धरणांनी आपल्याला शिकवलेला शब्द आहे तो. 'मोबदला', 'भरपाई' म्हणजे पैसे घ्या आणि विषय मिटवा. रेस्टिट्यूशन म्हणजे तेच घर, तीच जमीन, त्याच माणसाला.

२००५ ची पिनेरो तत्त्वं याच मुद्द्यावर उभी आहेत. ब्राझीलचे पाउलो सर्जियो पिनेरो हे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे एखाद्या हक्काची पाहणी करून अहवाल देणारे तज्ज्ञ, होते, त्यांच्या नावानं ती ओळखली जातात. एकूण २३ तत्त्वं. त्यांतलं दुसरं सांगतं की निर्वासित आणि विस्थापितांना अन्यायानं हिरावलेलं घर परत मिळण्याचा हक्क आहे आणि हाच पहिला उपाय. परत देणं प्रत्यक्षात अशक्य आहे, असं स्वतंत्र न्यायाधिकरणानं ठरवलं तरच भरपाई.

हे कागदावरच राहिलं असं कोणाला वाटू नये म्हणून बोस्नियाचं उदाहरण घालाच. तिथल्या युद्धात देशातली जवळजवळ निम्मी माणसं, सुमारे २२ लाख, घराबाहेर फेकली गेली. ते युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात परतण्याचा आणि मालमत्ता परत मिळण्याचा हक्क लिहिला गेला, दावे तपासायला आयोग नेमला, आणि पुढच्या काही वर्षांत दोन लाखांवर घरं मूळ कुटुंबांकडे गेली. यातला आपल्या चर्चेच्या कामाचा भाग असा की त्यांतले पुष्कळ फ्लॅट मालकीचे नव्हतेच. युगोस्लाव्हियाच्या काळात ते समाजाच्या मालकीचे असत आणि कुटुंबाला फक्त राहण्याचा हक्क असे. तो हक्कसुद्धा परत मिळण्याजोगा मानला गेला. तिथे 'मालकी' हा शब्द धरून बसले असते तर ही कुटुंबं रस्त्यावरच राहिली असती.

सुरगाणेकर :
'घर-जमीन परत मिळण्याचा हक्क'. माझं मत याला. 'परतावा' नको, तो आयकराचा वाटतो. 'घरवापसी' तर नकोच, त्याला दुसराच अर्थ चिकटला आहे.

मखमलाबादकर :
ठरलं. आता 'फोर्स्ड इव्हिक्शन', म्हणजे जबरदस्तीनं घराबाहेर काढणं. 'निष्कासन' की 'बेदखली'?

सिन्नरकर :
महापालिकेची कुठलीही नोटीस वाचा. 'सदर अनधिकृत बांधकाम निष्कासित करण्यात येईल.' निष्कासित होतं ते बांधकाम. आत राहणारी बाई, तिची चूल, पोरांची दप्तरं त्या वाक्यात नाहीतच. टिपण्णी ४ काढणाऱ्या त्याच समितीनं १९९७ च्या टिपण्णी क्रमांक ७ मध्ये व्याख्या केली ती माणसांची. व्यक्तींना, कुटुंबांना, समुदायांना त्यांच्या इच्छेविरुद्ध, कायद्याचं योग्य संरक्षण न देता, राहत्या घरातून किंवा जमिनीवरून कायमचं वा तात्पुरतं हलवणं. म्हणून 'सक्तीची बेदखली'. बेदखल माणूसच होतो.

त्या टिपण्णीतल्या अटी तर वस्तीत मोठ्या अक्षरांत लावण्यासारख्या आहेत. आधी लोकांशी खरीखुरी चर्चा, पुरेशी नोटीस, जागा कशासाठी हवी याची माहिती, कारवाईच्या वेळी अधिकारी हजर आणि त्यांची ओळख उघड, रात्री किंवा फार वाईट हवामानात कारवाई नाही, दाद मागायची सोय, आणि लागेल त्याला कायद्याची मदत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला, तोही इथे जोडा. निवाऱ्याच्या हक्काचे संयुक्त राष्ट्रांचे पहिले विशेष प्रतिवेदक, २००० साली नेमलेले मिलून कोठारी, भारतीयच. विकासकामांसाठी होणाऱ्या बेदखलीवरची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्याच कारकिर्दीतली.

सुरगाणेकर :
एक राहिलं. या सगळ्यात बाई कुठे आहे? पिनेरोचं चौथं तत्त्व स्त्री-पुरुष समानतेचं आहे, ते गाळू नका. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या मूळ कराराच्या ११व्या कलमात इंग्रजीत 'त्याला स्वतःला आणि त्याच्या कुटुंबाला' अशी पुरुषी रचना आहे, आणि बाई कुटुंबप्रमुख असली तरी हक्क तोच, असा खुलासा समितीला टिपण्णी ४ मध्ये करावा लागला. मराठीत 'स्वतः' ना पुरुष ना बाई, 'धारक'ही तसाच. ही सोय वापरा.

निफाडकर :
बाई, दप्तरातलं उदाहरण देतो. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' दिसतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे आई, बहिणी, भावजया सगळ्या झाकलेल्या असतात. बहिणींची नावं लागली तर लागली 'इतर हक्क'च्या रकान्यात. पुस्तिकेत असा एक सातबारा छापा, नावं खोडून, आणि बाणानं ही अक्षरं दाखवा. आपल्या चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं. शेतकरी संघटनेनं पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, ती बायकोच्या नावावर जमीन करण्याचीच. तेव्हा हा विचार काही जिनिव्हाहून, संयुक्त राष्ट्रांकडून, आलेला नाही.

मखमलाबादकर :
घेते, काका. शेवटचा प्रश्न शीर्षकाचा. 'घर, जमीन व मालमत्ता' यात मालमत्तेत घर-जमीन आलीच, मग तीन शब्द कशाला? 'घरदार, जमीनजुमला' लिहू का? कानाला किती गोड आहे.

सुरगाणेकर :
गोड आहे, पण जमीनजुमला म्हटलं की वाडा, बागायत, बैलजोड्या डोळ्यांपुढे येतात. भूमिहीन बाईचा जमीनजुमला गेला असं कोणी म्हणत नाही. तीन शब्द वेगळे आहेत ते तिच्यासाठीच. जिच्याकडे मालमत्ता नाही तिलाही घराचा हक्क आहे, जिच्या जमिनीला कागद नाही तिलाही जमिनीचा. 'घर, जमीन आणि मालमत्तेचे हक्क' असंच ठेवा.

आणि बेदखलीचं पान छापायला देण्याआधी मला पाठवा. पाड्यावरच्या बचतगटाच्या बैठकीत वाचून दाखवते आणि कुठे अडतात ते कळवते.