मदत हवी आहे: हेडफोन जॅकमधून डावा आवाज येत नाही
नमस्कार मंडळी. मी घरी अभंगांना चाली लावून रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो. महिनाभर लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून डावा आवाज गायब आहे. पिन वळवून धरली की येतो, सोडली की नुसती खरखर. तोच हेडफोन मोबाइलला व्यवस्थित चालतो, म्हणजे दोष सॉकेटचाच. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे ठेवलीय. एका कानाने मिक्स कसं ठरवू? ब्लूटूथवर पट्टी दाबल्यावर सूर इतका उशिरा येतो की ताल सुटतो. जॅक मदरबोर्डला सोल्डर केलेला आहे, त्यामुळे उघडायची भीती वाटते. साधं यूएसबी साउंड कार्ड पुरेल, की एएसआयओ ड्रायव्हर (आवाजातला उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचं बाहेरून जोडायचं साउंड कार्डच घ्यावं? कोणी वापरून पाहिलंय का? कृपया सांगा.