प्रतिसाद: नव्वदीतलं क्रिएटिनीन

या चर्चेत वर दोघांनी म्हटलंय, नव्वदीतल्या आजींच्या रक्तातलं क्रिएटिनीन (किडन्या बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ आलं म्हणजे किडन्या ठणठणीत. चाळिशीत हे चालेल, नव्वदीत नाही. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. पेज, मऊभातावर असलेल्या चाळीस किलोच्या म्हातारीत स्नायू उरलेत किती? मग किडन्या थकल्या तरी आकडा कमीच दिसतो. हिशेब करून बघा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनीन), बाई असेल तर उत्तर गुणिले ०.८५. वय ९०, वजन ४०, क्रिएटिनीन ०.९ धरलं तर किडन्या मिनिटाला जेमतेम २६ मिली रक्त गाळतात असा अंदाज निघतो. बऱ्याच गोळ्यांचा डोस इथे कमी करावा लागतो, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी तर मनाने देऊच नये. सुस्ती, तोल जाणं याला 'वय झालं' म्हणण्याआधी डॉक्टरांना हा आकडा नि रक्तातलं सोडियम दाखवा.

अशक्तपणाला रोज शहाळं, हा आपल्याकडचा हुकमी उपाय. पण त्याच्या पेलाभर पाण्यात साधारण ५०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. जोडीला टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (बीपी-हृदयाच्या गोळ्या) चालू असेल तर ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

उलट, रिपोर्टात पोटॅशियम ५.९, म्हणजे वाढलेलं, वाचून लगेच घाबरूही नका. वाडीवरून सकाळी घेतलेलं रक्त सीरम वेगळं न करता बर्फाच्या डब्यातून दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपून आकडा खोटाच फुगतो. त्याच दिवशी ईसीजी काढा आणि लॅबमध्ये जाऊन रक्त पुन्हा द्या. रक्त घेताना दंड घट्ट बांधून मूठ उघडझाप करायला लावली तरी पोटॅशियमचा आकडा वाढतो.